मिरचीच्या भज्यांची साक्ष

मनोहरराव बाजारातून आले अन् ओट्यावर बसल्या बसल्या गेले. "सुनेच्या वांग्यानं मारलं!" शेजारच्या सुमित्राबाईनं गावभर केलं. सून मयुरी रडून अर्धी झाली, तवा कुंताबाईनं हट्टानं नवऱ्याचं शवविच्छेदन करवलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, विषबाधा नाही. हृदयाची रक्तवाहिनी बुजली होती. पोटात वांगंही नाही, मिरचीचे भजे आहेत."

घरात तर कुंताबाईनं तळण बंदच केलं होतं.

सुतकाच्या घरी शेजारणीनं कडू घास न्यायची रीत. अग्नी देऊन माणसं परतली, तशी सुमित्राबाई पिठलं-भाकर घेऊन आली. कुंताबाईनं टोपलं उघडून पाह्यलं.

"काऊन वं, आज भजे नाई तळले? डॉक्टरले सापडले ना त्यायच्या पोटात!"

"दोनच देल्ते वं बाई मी!"

"मंग जाय, आता हेही गावभर सांगून ये."