एकट्याची हरकत

शुक्रवारी दुपारी विलायतेच्या संसदेत, सभागृहात उरलेले खासदार मोजून तीस. अडीच वाजले की कारकून राहिलेल्या विधेयकांची नावं घडाघडा वाचतो. कुणी काही बोललं नाही तर विधेयक पुढे सरकतं. एकानं जरी "हरकत" म्हटलं तरी ते तिथेच आपटतं. कारण द्यावं लागत नाही. लोकशाहीची जननी म्हणून मिरवणाऱ्यांची ही तऱ्हा!

इवान प्रॉबर्टचं विधेयक चार ओळींचं होतं: भाड्याच्या प्रत्येक घरात विषारी वायूची सूचना देणारी घंटा बसवा. त्याच्या वेल्समधल्या मतदारसंघातल्या ग्लेनिस हॉपकिनचा मुलगा रिस भाड्याच्या घरात बिघडलेल्या बॉयलरमधून सुटलेल्या वायूनं झोपेतच गेला. तेव्हापासून दोन वर्षं इवान मंत्र्यांचे उंबरे झिजवत होता. खुद्द पक्षनेते ॲशकॉम यांनी चहा पिताना त्याला पाठिंब्याचा शब्द दिला होता. आज ग्लेनिस ठेवणीतला कोट घालून वर गॅलरीत बसली होती.

कारकुनानं नाव वाचलं.

"हरकत!"

आवाज विरोधकांकडून आला नव्हता. इवानच्याच पुढच्या बाकावर त्याच्याच पक्षाचा प्रतोद, डेरेक थ्रॉसल, मान खाली घालून कागद चाळत होता. इवानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरच्या लांब दालनात त्यानं त्याला गाठलंच.

"डेरेक, लाज नाही वाटली?"

"ओरडू नकोस. ॲशकॉमसाहेबांचा निरोप होता. पुढच्या वर्षी सरकारच आणणार आहे हे, मोठ्या कायद्यात घालून. नाव पक्षाचं होईल."

"आणि तोवर जे मरतील त्यांचं काय?"

"अरे, आमचा विरोध नाहीच मुळी. पद्धत आहे ही."

पद्धत म्हणे! केसानं गळा कापायचा आणि वर पद्धतीचं नाव सांगायचं.

तेवढ्यात ग्लेनिस जिना उतरून आली. चेहरा फुललेला.

"इवान, पोरा, जिंकलो की रे! एकटाच ओरडला मेला. बाकी कुणी हूं की चूं केलं नाही."

थ्रॉसल निघायला वळला. इवाननं त्याची बाही धरली.

"ग्लेनिस आंटी, ओरडला तो हाच. आपल्याच पक्षाचा. आणि एकानं म्हटलं तरी हरतो आपण इथे."

ग्लेनिस थ्रॉसलच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. या पक्षासाठी तिनं अकरा निवडणुकांत दारोदार पत्रकं वाटली होती.

"काय खटकलं तुला त्यात?" तिनं विचारलं. "सांग ना. बदलू आपण."

"काहीच नाही, बाई."

"काहीच नाही? मग माझ्या रिसचं नाव घेऊन म्हण. माझ्या तोंडावर म्हण, रिसच्या घंटेला माझी हरकत आहे."

थ्रॉसलनं निसटायला हात झटकला. इवाननं बाही सोडली नाही.