अकरा बायका आणि एक लाल रेघ

सिंधूताई वऱ्हाडपांडे यांच्या रजिस्टरात सहा वर्षांत एकही खाडाखोड झाली नव्हती, आणि हे ज्याला ठाऊक नसेल त्याला त्या स्वतः सांगत. नवरा भोपाळच्या सरकारी कारखान्यात हिशेबनीस; पण साहेबांपेक्षा बाईंचा हिशेब पक्का, असं टाऊनशिपमध्ये सगळेच म्हणत, साहेबसुद्धा. भिंतीपलीकडच्या इमलियाखेडीतल्या अकरा बायकांनी बचतीचा समूह काढला तेव्हा तिथे लिहिणारी कोणी नव्हती. रजिस्टर ताईंकडे आलं.

आज त्या समूहाचं कर्ज ठरायचं होतं. मसाला दळायची मशीन, चाळीस हजार. कारखान्याच्या कँटीनने एक तारखेपासून त्यांची मिरची-हळद घ्यायचं कबूल केलं होतं. बँकेची अट एकच, समूहात किमान दहा बायका हव्यात. आणि रजिस्टरात उरल्या होत्या नऊ.

कमल आणि शोभा, दोन नावांवर ताईंनी गुरुवारी पट्टी लावून लाल रेघ मारली होती. हातपंपावरून दोघींची महिनाभर जुंपली होती, दोघींनी दोन बैठकाही चुकवल्या होत्या. या टिकायच्या नाहीत, असं ताईंनी आधीच ओळखलं होतं. माणसं ओळखण्याचाही त्यांना अभिमान होता. त्यामुळे समूहाची अध्यक्ष रामकली फाटकावरून ओरडली, "बाईसाब, कमल और शोभा का राजीनामा हो गया, लिख लो," तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न न विचारता लिहून टाकलं. दुसऱ्या एखाद्या समूहात सहा महिने बचत केलेली दहावी बाई शोधत त्या तीन दिवस फिरल्या. मिळाली नाही.

शाळेच्या ओट्यावर सतरंजी पडली होती. बँकेचा श्रीकांत स्कूटर लावत होता. चंद्रपूरहून बदलून येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. ताईंनी सतरंजीकडे पाहिलं आणि त्या थबकल्या. कमल आणि शोभा मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, एकाच डब्यातला गूळ खात.

"ये दोनों कायको आयीं?" ताईंनी हळूच विचारलं.

"कायको मतलब?" रामकली म्हणाली. "राजीनामा हो गया ना, सरपंच के सामने. दोनों राजी हैं. झगडा खतम."

ताईंनी रजिस्टर उघडून ती रेघ पाहिली. बावीस वर्षं भोपाळमध्ये काढली, भाजीवाल्याशी अस्खलित हिंदीत भांडल्या, आणि इथला राजीनामा म्हणजे समेट, हे आज कळत होतं.

श्रीकांतने पान उलटलं. "काकू, नऊच आहेत."

"अकरा आहेत. मोजा ना, समोर बसल्यात."

"मी रजिस्टर मोजतो. दोघींनी गट सोडलाय असं तुम्हीच लिहिलंय."

आत्ताच परत आल्या म्हणावं, तर रेघेची अब्रू राहिली असती. पण सोडून परत आलेली बाई नवी धरतात, नव्या बाईला सहा महिन्यांची बचत लागते, आणि यादी आज पाचला बंद होणार होती. ताईंनी रेघेवर बोट ठेवलं.

"ही चुकीची आहे. माझी चूक आहे."

"कर्जाच्या दिवशी दोन नावं वाढली, तर ऑडिटवाला पहिलं मलाच धरेल. काही कागद?"

रामकलीने कमरेची घडी सोडून सरपंचांचा कागद काढला. श्रीकांतने वरचा ठळक शब्द वाचला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"काकू, हा तर राजीनामाच आहे."

"खाली वाच, बाळा. मी पुढचं विचारलं नाही, तू तरी वाच."

तो वाचू लागला. पाणी आधी कोण भरणार, नंतर कोण, समूहात दोघी पूर्वीसारख्या राहतील, खाली दोन अंगठे. त्याने दुसऱ्यांदा वाचलं.

"अस्सं," तो अखेर म्हणाला. "मागच्या महिन्यात एका राजीनाम्यावर मी 'सदस्य कमी' असा शेरा मारून आलोय." तो ओशाळून पेनाचं टोपण काढू लागला. "लिहा काकू. चूक कोणाची, कशी झाली, सगळं. आणि या सगळ्यांना वाचून दाखवा, मग अंगठे घ्या."

ताईंनी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, हिंदीत: वरची लाल रेघ चुकीची, मी शब्दाचा मराठी अर्थ घेतला, सदस्य अकरा. मग मोठ्याने वाचलं.

कमल रेघेकडे वाकून पाहत होती. "मतलब बाईसाब ने हमको घर बैठे निकाल दिया था?"

"तीन दिन के लिए," शोभा म्हणाली. "और हम यहां गुड खा रहे थे."

बायका तोंडावर पदर धरून हसल्या. कमलने मात्र अंगठा शाईत बुडवला आणि रजिस्टराच्या पानावर तसाच अधांतरी धरून ठेवला.

"पहले बाईसाब से राजीनामा. आगे से कोई नाम काटो तो पहले हमारे घर आके पूछना."

घड्याळात सव्वातीन झाले होते. बँक सहा मैलांवर.

"राजी," ताई म्हणाल्या.

कमलने अंगठा उमटवला. बरोबर लाल रेघेवर.