त्याले सांग

“कामिनी, त्याले सांग, त्याच्या केळीत डुकरं घुसली.”

‘तो’ म्हणजे नथ्थूकाका, माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, धाकटे भाऊ. बसले होते शेजारच्याच ओट्यावर, दोन हातांच्या अंतरावर.

“कामिनी, त्याले सांग, मी कव्हाच हाकलली.”

मी मध्ये नुसती उभी. आमच्या लग्नात काकांना टॉवेल-टोपी द्यायची राहिली, तेव्हापासून या दोघा भावांचा अबोला. अबोला कसला, डोंबल! दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, फक्त माझ्यामार्फत. एकाने तरी दुसऱ्याला सरळ हाक मारावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

असोद्याहून मी रोज जळगावला जाते, शाळेत इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात ऑक्सिमोरॉन होता. एकमेकांना खोटं पाडणारे दोन शब्द शेजारी बसवायचे. ओपन सीक्रेट, म्हणजे उघडं गुपित. पोरांनी मराठीतलं उदाहरण मागितलं. म्हटलं, आमच्या घरचंच घ्या, बोलका अबोला. वर्ग खो-खो हसला.

संध्याकाळी ओट्यावर आबांनाही सांगितलं.

“म्हंजे दोघातला एक शब्द खोटा?”

“नाही आबा. दोन्ही खरे असतात, तेव्हाच वापरायचा.”

आबा विचारात पडले. मग म्हणाले, “त्याले बी सांग.”

“मले आयकू आलं म्हना,” पलीकडून काका.

श्रावणात काकांना दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. आबा खाटेपाशी उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.

“कामिनी, त्याले इचार, दुखतं का.”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्या तोंडाला काय झालंय? तुम्हीच विचारा!” म्हणून मी तरातरा बाहेर आले. दाराआडून कान दिला. मग आबा नर्सला म्हणाले, “बाई, त्याले इचारा, दुखतं का.”

“नाही म्हना त्याले,” काका म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही.

काका घरी आले नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहा घेऊन ओट्यावर गेले आणि शेजारच्या ओट्याकडे तोंड करून बसले.

“नथ्थू, चहा झाला का रे?”

माझं नाव नाही, मध्ये कोणी नाही. सरळ हाक.

आबा उत्तराची वाट बघत राहिले. मला राहवेना. हातातलं काम टाकून दारात आले.

“आबा, झाला म्हणतात.”

“बरं,” आबा म्हणाले, आणि त्यांनी चहा बशीत ओतला.