अनंता पोचला का?

कुंदाताई परब यांचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनतीनदा वाचलं आणि रविवारी सवडीनं उत्तर लिहू म्हणून खणात ठेवलं. रविवार पुष्कळ आले. उत्तर काही गेलं नाही.

त्याआधीच्या दिवाळीत एका छोट्या अंकात माझी कथा छापून आली होती. कथेतला अनंता मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर गोरेगावात वॉचमन झालेला. आई वारली तेव्हा भाऊ त्याच्यासाठी थांबला नाही. अनंता गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो राग धरून तो पुन्हा कधी गावी गेला नाही. कथेच्या शेवटी तो बोरिवलीला नॅन्सी कॉलनीच्या डेपोत पिशवी घेऊन एसटीच्या दाराशी उभा राहतो, ड्रायव्हर गाडी चालू करतो, आणि कथा संपते. संपादकांनी कळवलं होतं, "शेवट वाचकावर सोडलात, आवडलं." खरं तर मी वाचकावर काही सोडलं नव्हतं. अनंता चढला की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं.

कुंदाताईंनी घाटकोपरच्या भटवाडीतून लिहिलं होतं. घरच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालताना त्यांनी अनंताचं नाव घेतलं होतं. 'सुखरूप घरी पोचला तर नारळांचं तोरण वाहीन असं बोलले आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'पोचल्यावर कृपया कळवावे.'

गाऱ्हाणं म्हणजे काय ते मला ऑफिसातल्या दत्तारामामुळे माहीत होतं. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाला मोठ्यानं सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दत्ताराम डब्याच्या सुट्टीत आमच्या साहेबाच्या बदलीसाठी गाऱ्हाणं घालायचा आणि आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' करायचो. अनंता बराचसा त्याच्याच बोलण्यातून उचललेला.

पण हे पत्र वाचून मी घाबरलो. आमच्या घरात बुद्धांची तसबीर आहे. तिच्यापुढे आम्ही काही मागत नाही. नवसाला उत्तर कसं द्यायचं? अनंता नावाचा कोणी नाही असं लिहावं, तर त्या बाईच्या जिव्हाळ्याचं हसं होणार. पोचला म्हणावं, तर ती थाप. आणि मुळात, नसलेली माणसं उभी करून ती लोकांच्या देवघरापर्यंत नेऊन सोडायचा मला काय अधिकार? ही शंका एकदा बसली ती उठलीच नाही. त्यानंतर मी कथा लिहिली नाही. इतरांच्या वाचत राहिलो, आणि त्यांना हा प्रश्न पडत नसेल का, असं मनात म्हणत राहिलो.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी मुलुंडच्या आमच्या दारावरची बेल वाजली. माझ्या बायकोनं, लतानं, दार उघडलं. तिशीची एक मुलगी उभी होती, हातात तो जुना अंक.

"शिवदास काका इथेच राहतात ना? अनंतावाले?"

"शिवदास आहेत," लता म्हणाली. "अनंतावाले कधी झाले ते मला माहीत नाही. आत ये."

ती कुंदाताईंची भाची, जान्हवी. अंकात छापलेल्या पत्त्यावर शोधत आली होती.

"सॉरी काका, न कळवता आले. पण पत्राला तर तुम्ही उत्तर देत नाही."

"कसलं पत्र?" लतानं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांच्या बशीकडे.

जान्हवीनं तिला सगळं सांगितलं. "आत्या दर वर्षी अनंताचं नाव घेते. पहिल्यांदा आम्ही जाम हसलो. आता ती विसरली तर शेजारचे विचारतात, 'अगो, त्या अनंत्याचा काय झाला?'"

मी धीर केला. "पण बाळ, तो खरा नाही गं."

"आत्याला माहितीये. खुळी नाही ती."

"मग नवस कशाला?"

"ती म्हणते, लिहिणाऱ्याला बुद्धी द्यायलापण कोणीतरी लागतो ना?"

लता इतकी हसली की तिला ठसका लागला. जान्हवीही हसली.

"काका, खरं सांगू? आत्याचे यजमान गिरणीत होते. गिरणी गेल्यावर गावी तोंड दाखवायला लाजायचे. आज जातो, उद्या जातो करत गेलेच नाहीत, आणि मग वारले. त्यांचं आता काय करणार? अनंताचं अजून करता येतं, एवढंच ती म्हणते."

मी पोह्यांची बशी तिच्याकडे सरकवली.

"यंदापासून गाऱ्हाणं आत्याचा मुलगा, निलेशदादा घालणार. आत्याला आता धाप लागते. पण ती अडून बसलीय, अर्धवट नवस पोराच्या गळ्यात घालणार नाही म्हणते. चतुर्थीच्या आत काय ते सांगा. नसेल चढला तर तसं सांगा, ती देवाला सांगून मोकळी होईल. पण असं लटकत नका ठेवू हो."

ती गेल्यावर मी लताला म्हणालो, "पोचला असं एका ओळीत कळवून टाकतो."

"पोचला का पण?"

"मला काय माहीत!"

"मग कळवणार काय? तिनं थाप मागितली असती तर ती घरातल्या कुणाकडूनही मिळाली असती. अहो, त्या बाईला गोष्ट हवी आहे. तुम्हाला येते ना लिहिता?"

येते का, हाच तर प्रश्न होता. तरी मी बसलो. पहिल्या खर्ड्यात भावाचा फोन आला, दोघं रडले, अनंता गाडीत चढला. लतानं वाचून कागद परत दिला. "हा अनंता नव्हे. हे तुम्ही. तुम्हाला कोणी रडून बोलावलं की तुम्ही लगेच विरघळता." दुसऱ्यात तो मागे फिरला आणि गोरेगावच्या गेटवर जाऊन बसला. ते लिहिताना हात चालला, पण रात्री मला झोप आली नाही. त्याला तिथं तसा बसवून मीच त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटत होतं.

मग मी त्याला फक्त एसटीच्या दाराशी उभा केला आणि वाट पाहिली. मागून कंडक्टर ओरडला, "ओ बाबा, चढायचं तर चढा, नाहीतर बाजूला व्हा. लोक खोळंबलेत." सगळी वर्षं 'गेटमध्ये उभं राहू नका' असं लोकांना सांगण्यात घालवलेला माणूस तो. वाट अडवल्याची लाज वाटून वर चढला. उतरायचं म्हणून मागे वळला, तर एका बाईनं आपलं पोर त्याच्याकडे दिलं, "जरा धरा हां, सामान चढवते." सामान चढेपर्यंत पोर त्याच्या खांद्यावर झोपलं. गाडी सुटली. अनंताला मूल इतकं अलगद धरता येतं हे ते वाक्य लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं. सकाळी तो घरी पोचला तेव्हा भाऊ विहिरीवर तोंड धूत होता. त्यानं पाहिलं. चूळ भरली. म्हणाला, "च्या घेतलंस?"

"नाय."

"मगे चल."

कुणी कुणाची माफी मागितली नाही.

लतानं शेवटचं पान वाचलं आणि चष्मा पुसत बसली. मला वाटलं, हेही फसलं.

"वहिनी कुठाय?" तिनं विचारलं.

"कुठली वहिनी?"

"भावाची बायको हो. एवढ्या वर्षांनी दीर आला, तर ती नुसती चुलीपाशी बसून राहील? काही बोलेल की नाही?"

"मला काय माहीत ती काय बोलेल?"

"मग बसा परत. मी चहा टाकते."

वहिनी पुष्कळ बोलली. दोन पानं बोलली, आणि दोघा भावांना मिळून झापलं. ती पानं लिहिताना मी एकटाच हसत होतो. आपण हे इतकी वर्षं का सोडून दिलं होतं, असंही वाटलं. पण शंका पुन्हा डोकं वर काढायच्या आत मी पानं पाकिटात घातली.

वर एक चिठ्ठी जोडली: 'कुंदाताईंना सप्रेम नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. अनंता घरी पोचला. कसा पोचला ते सोबत लिहिलं आहे. काही चुकलं असेल तर कळवा. मी पुन्हा बघेन.'

चतुर्थी आठवड्यावर आली होती. पोस्टात रांग होती, त्यातले बरेचजण राख्या उशिरा पोचल्याची तक्रार घेऊन आलेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं, घाटकोपरचा पिनकोड मोठ्यानं वाचला आणि पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. मी नाव सांगितलं. बाईंनी स्टिकर चिकटवला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.