भांडणातली प्रत

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. माझ्या नावाला संगणकाने 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं शेपूट जोडलं आहे. म्हणजे भांडणातली प्रत. ते दिसलं की लोक नाक मुरडतात आणि मला सरळ कचऱ्यात टाकतात. पण भांडण मी लावलं नव्हतं, आणि चूकही माझी नव्हती. आज हे मी ठणकावून सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा डिझाइन स्टुडिओत झाला. तिथे तिघं काम करत. स्टुडिओ चालवणाऱ्या बाई, कपाळावर चष्मा ठेवून तोच शोधत फिरणारे अण्णा, आणि जिला सगळे चिमणी म्हणत ती. चिमणी चाळिशीला आलेली होती, पण आवाज इतका बारीक की फोनवर समोरचा दोनदा "कोण बोलतंय?" विचारायचा. तिघांचं काम क्लाउडवरच्या एकाच फोल्डरमध्ये असायचं. एकाने काही बदललं की ते दुसऱ्याच्या संगणकावर आपोआप पोचायचं.

काम एका रुग्णालयाचं होतं. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, ते दाखवणाऱ्या सहा मजल्यांच्या पाट्या. एका सकाळी तिथल्या इंजिनिअरचा फोन आला, "पूर्वेचा जिना पाडायला घेतोय. सगळे बाण पश्चिमेकडे करा." फोन चिमणीने घेतला. तिने फाइल उघडली आणि एकेक बाण फिरवायला लागली. पलीकडच्या खोलीत अण्णांनीही तीच फाइल उघडली होती. ते लाल बाण हिरवे करत होते. दोघांनी एकमेकांना एका शब्दानेही सांगितलं नाही.

अण्णांनी आधी सेव्ह केलं, चिमणीने नंतर. कोणाचं खरं धरावं, ते क्लाउडला कळेना. त्याने अण्णांची फाइल मूळ नावाने ठेवली आणि चिमणीची सगळी मेहनत माझ्या पदरात घालून मला शेजारी बसवलं. चिमणीचं लक्ष नव्हतं. आईच्या ऑपरेशनसाठी तिला निघायचं होतं. जाता जाता ती बाईंना म्हणाली, "बाण फिरवलेत. फाइल तयार आहे."

बाईंना पसारा खपत नसे. जवळपास सारख्याच नावाच्या दोन फाइली पाहून त्या म्हणाल्या, "ही जादाची दिसते." मला उघडून पाहायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. अण्णांची फाइल पाट्या बनवायला गेली आणि मी कचरापेटीत गेले. तिथे फाइल तीस दिवस राहते, मग कायमची पुसली जाते. मी ते दिवस मोजले नाहीत. मला रागच इतका आला होता.

चिमणी परतली तेव्हा पाट्या तयार होऊन लागतही होत्या. ती बघायला गेली. चौथ्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड होता. हिरव्या बाणामागे चालत ती एका दारापाशी पोचली. दारावर फळ्या ठोकलेल्या होत्या. पलीकडून हातोड्यांचे आवाज येत होते.

तिने तिथूनच बाईंना फोन लावला. "पाट्या चुकल्यात. उतरवाव्या लागतील."

"अगं, परवा रुग्णालयाची सरकारी पाहणी आहे," बाई म्हणाल्या. "आठ दिवस राहू देत. मग गुपचूप बदलू."

"नाही."

"चिमणे, ऐक जरा."

"नाही बाई. आग काही आठ दिवस थांबणार नाही. मी उतरवतेय."

पाट्या लावणाऱ्या मिस्त्रीने तो बारीक आवाज ऐकला आणि काही न विचारता पेचकस तिच्या हातात दिला. पहिली पाटी तिने स्वतः उतरवली.

स्टुडिओत येऊन तिने कचरापेटी धुंडाळली. माझ्यापुढे लिहिलं होतं, चार दिवस उरले. तिने मला बाहेर काढलं आणि दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्या. अण्णा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "तू काम करत होतीस, मला माहीतच नव्हतं. मीच विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आपला हिरवा रंग माझ्या बाणांना दिला. बाई दारात उभ्या होत्या. "मी उघडून बघायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. नव्या पाट्या माझ्यावरून झाल्या. पाहणी पुढे ढकलली गेली, बाईंना बोलणी खावी लागली, आणि त्यांनी ती खाल्ली.

आता तिथे फाइल उघडणारा आधी हाक मारून सांगतो. प्रत्येक मजल्याची फाइल वेगळी आहे आणि एका वेळी ती एकाच्याच हातात असते. बदल क्लाउडवर पोचल्याची खूण दिसल्याशिवाय कोणी संगणक बंद करत नाही.

मित्रांनो, तुम्हीही मिळून काम कराल. तेव्हा एकमेकांशी बोला. आणि तरीही माझ्यासारखी एखादी जन्मलीच, तर तिला अडगळ म्हणू नका. तिच्यात कोणाची तरी अख्खी सकाळ असते. पुसायचं तर खुशाल पुसा. पण आधी उघडा.