गळका म्हणालात मला?

मित्रांनो, मी एक जुना प्याला आहे. जुना म्हणा, बुटका म्हणा, मी कुरकुर करणार नाही. 'गळका' मात्र खपवून घेणार नाही. मला ठेवतात त्या डबीवर कोणीतरी 'गळका' अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्या 'कोणीतरी'ची गोष्ट सांगतोच आता.

मी टेफ्लॉनचा. हो, तव्याला असते तेच! एका कातारी काकांनी मला लेथवर घडवले. पण माझ्यातून कोणी चहा प्यायलेले नाही. माझ्या पोटात मधोमध एक भिंत आहे आणि भिंतीला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र. ते पाडताना काकांनी श्वास रोखून धरला होता. प्रयोगशाळेत भिंतीच्या दोन्ही बाजूंना खारे पाणी भरतात आणि बारीक कुंचल्याने छिद्रावर मेदाचा थेंब फिरवतात. त्याचा पडदा बनतो. आधी तो रंगीत दिसतो, मग पातळ होत होत काळा पडतो. काळा पडला की समजायचे, जमला.

तुमच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती असाच पडदा असतो, आणि त्यात प्रथिनांची इवलीशी दारे. पेशीत दारांची एवढी गर्दी की एकट्याचा काही पत्ता लागत नाही. म्हणून माझ्या नकली पडद्यात एखादेच प्रथिन बसवायचे. ते उघडले की किंचित वीज वाहते आणि संगणकावरची रेघ पायरी चढते. मिटले की रेघ खाली उतरते. वीस वर्षे मी हेच काम केले. तेव्हा लांबून माणसे मला बघायला यायची, बरं का!

आमच्याकडे एक संशोधक ताई आहे. तिने तीन वर्षे खपून एक प्रथिन वेगळे काढले. ते दारच आहे, असे ती म्हणायची. प्रयोगशाळेचे प्रमुख सर नकारार्थी मान हलवायचे. शेवटी त्यांनी सांगितले, "शुक्रवारपर्यंत दाखव. नाहीतर हे काम बंद." प्रथिन उरले होते जेमतेम एका प्रयोगापुरते.

शुक्रवार उजाडला आणि माझा पडदा टिकेना. काळा पडला की फट्‌! अकरा वेळा फुटला. सरांनी खापर माझ्याच डोक्यावर फोडले. "गळका झालाय हा. नवा मागवू, दीड महिन्यात येईल."

"सर, तोवर प्रथिन टिकणार नाही," ताई म्हणाली.

"मग सोडून दे." त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या डबीवर थापली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला तोंड असते तर तिथेच सुनावले असते!

ताईने मला डबीत ठेवायला उचलले आणि थबकली. मला नाकाशी नेऊन तिने हुंगले. "मामा, याला साबण लावलात?"

भांडी धुणारे मामा उसळलेच. "मी? अहो ताई, साबणाने मेद विरघळतो, हे मला पहिल्या दिवशी शिकवलंय. माझ्या साबणाच्या बाटलीला काल कुणीतरी हात लावलाय, तेवढं मात्र खरं."

मग सर खाकरले. "मी धुतला. कळकट दिसत होता. म्हटलं, शेवटचा प्रयोग आहे पोरीचा, जरा स्वच्छ असावा."

घ्या! आयुष्यभर 'साबण लावू नका' म्हणून ओरडणारा माणूस, आणि मायेने घासून घासून त्यानेच माझा घात केला. मामांनी मला स्पिरिटने धुतले, उकळत्या पाण्यात घातले, पुन्हा स्पिरिट, पुन्हा पाणी. पाच वेळा. चटके बसले, पण मी हूं की चूं केले नाही.

ताईने पडदा ओढला. तो काळा पडला आणि टिकला. अर्धा तास रेघ सपाट राहिली. सपाट म्हणजे थेंबभरही गळती नाही, सर, नीट बघून घ्या! मग तिने ते शेवटचे प्रथिन पाण्यात सोडले. काहीच होईना. ताईने ओठ दाताखाली धरला. मी माझ्या छिद्राची कड घट्ट धरून बसलो. फुटू देणार नाही म्हणजे नाही!

रेघ टुणकन वर गेली. थांबली. खाली आली. पुन्हा वर.

"दार आहे गं," सर पुटपुटले. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती.

सरांनी नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली. मामांनी विचारले, "सर, साबणाची बाटली कुठे ठेवू?"

"माझ्यापासून लांब," सर म्हणाले.

मित्रांनो, कोणाला टाकाऊ ठरवण्याआधी आपण त्याचे काय केले, ते एकदा आठवून बघा. आता मला काचेच्या कपाटात बसवायचे घाटते आहे, मानाने म्हणे. खबरदार! माझ्यात खारे पाणी भरा आणि मला कामाला लावा. बघू कोण गळते ते.