जावईबापूंचं यवतमाळ

बबनरावांसारखा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं पुंडलिकराव गावभर सांगत. दारव्ह्याजवळ त्यांची कापसाची, तुरीची बऱ्यापैकी शेती. एकुलती लेक कोकिळा यवतमाळात दिलेली. जावई कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कारकून, धोतर पांढरंशुभ्र, जीभ गोड. गोड जिभेच्या माणसाला लोक पटकन पोरगी देऊन टाकतात. कडू बोलणाऱ्याच्या मात्र सात पिढ्यांची चौकशी करतात.

नवं मराठी राज्य होऊन दुसरा हिवाळा होता. कापसाची पहिली वेचणी आटोपली आणि पुंडलिकराव बायकोला, हंसाबाईंना घेऊन चार दिवस यवतमाळ पाहायला निघाले. लेकीला भेटायचं तर होतंच, शिवाय हंसाबाईंनी उभ्या जन्मात शहर पाहिलं नव्हतं.

इकडे कोकिळा वाटेकडे डोळे लावून बसली होती. दोन्ही डोळे म्हणायची सोय नव्हती, कारण एक सुजून बंद होता. बबनरावांनी पाण्याचा पितळी गडवा फेकून मारला होता. का, ते विचारू नका. त्यांना कारण लागत नसे. कोकिळेनं एकच ठरवलं होतं. माय एकटी सापडली की सांगायचं, मला घेऊन चल. बापापुढे तिचं तोंड कधीच उघडलं नव्हतं. मायपुढे उघडलं असतं.

बबनराव हे ओळखून होते. एखाद्या मूर्खानं सासू-सासऱ्यांना टाळलं असतं. बबनराव स्टेशनावर हार घेऊन गेले.

"कोकिळेचे डोळे आले, मामी," हार घालतानाच त्यांनी सांगितलं. "जवळ जाऊ नका, लागण होते. लई जपून राह्यलो मी तिले."

हंसाबाईंना भरून आलं. डोळे आलेल्या बायकोला जपणारा नवरा त्यांनी कधी ऐकलाही नव्हता.

आता त्यांच्यातली रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न आईबापांनी खायचं नाही. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हंसाबाई त्या बाबतीत फार कडक. बबनरावांनी नेमकी तीच रीत उचलली. "तुमचा नेम माझ्या घरी मोडला तर मले पाप लागन," असं म्हणून त्यांनी मुक्काम जिनाच्या आवारातल्या एका खोलीत ठेवला आणि जेवणं बाहेर.

पाहुणे फिरवावेत तर बबनरावांनी! सकाळी कानाला मफलर गुंडाळून ते खोलीच्या दारात हजर. कापसाच्या गाड्यांची रांग दाखवली, जिनाची चिमणी दाखवली, कचेरी, तलाव, सराफा. प्रत्येक गल्लीची त्यांच्यापाशी एक गोष्ट होती, आणि ती सांगताना ते सासूबाईंची पिशवी स्वतः धरत. मध्येच थांबवून म्हणत, "हा आलुबोंडा खाऊन पाहा मामी, असा सगळ्या वऱ्हाडात नाही." मग पुढच्या चौकात गरम जिलबी, त्याच्या पुढच्या चौकात रबडी, संध्याकाळी तर्री ओतलेला चिवडा. पुंडलिकरावांना तिखटानं घाम फुटला तरी ते दुसरी बशी मागवत होते. हंसाबाई जिलबी खाता खाता म्हणाल्या, "पोरीनं नशीब काढलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला पाहायचा हट्टच धरला, तेव्हा बबनरावांनी त्यांना घरी नेलं. चुलीपाशी कोकिळा पदर नाकापर्यंत ओढून बसलेली. तिनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या आणि बेसनाचं चून शिजवलं होतं, मायला आवडतं तसं घट्ट.

"माय, आत ये ना."

"तुह्या घरचं मले चालत नाही, बाई. पोट्टं होऊ दे, मग पाह्य कशी पोटभर जेवतो."

"खाऊ नको. नुसती बस माह्यापाशी."

हंसाबाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत गेलाही होता. तेवढ्यात बबनराव मागून हळूच म्हणाले, "बसल्यावर पाणी पुसाव लागते, मामी. पुसलं का तुम्हाले नाही म्हणाव लागते. भरल्या घरी लेकीचा हात रिकामा फिरवाव का?"

हंसाबाईंना ते पटलं. पाय मागे आला. बाहेर टांगा उभाच होता.

चौथ्या दिवशी पुंडलिकराव म्हणाले, "पोरीले ठेसनावर तरी आणा." नाही म्हणायला बबनरावांना कारण सापडलं नाही. दारव्ह्याच्या छोट्या गाडीला गर्दी होती, तिकिटाच्या खिडकीवर रेटारेटी. बबनराव त्या रेट्यात शिरले आणि कोकिळेनं पदर मागे टाकला. डोळ्याभोवतीची कातडी हिरवी-पिवळी झाली होती.

"माय, डोळे नाही आले माहे. हाणलं त्यानं मले. रोजच हाणते. मले घेऊन चाल."

हंसाबाईंनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अवो, आयकलं का? घेऊन चाला तिले."

पुंडलिकराव खाली पाहत होते. "आता? चार दिवस ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या घरातून पोरगी काढून नेऊ? कोणत्या तोंडानं?"

"मीठ कुठी खाल्लं? लेकीच्या घरचं मी पाणी नाही पेली!"

"मंग हाटेलात पैसे काय मी देत होतो?"

लेकीचं मिंधं होऊ नये म्हणून हंसाबाईंनी तिच्या हातचा घोट नाकारला होता, आणि चौकाचौकात त्या जावयाच्या मिंध्या होत आल्या होत्या. अशा रितीला आग लागो! पण ती लावायची कोणी? हंसाबाईंनी नाही लावली. त्या पदर तोंडात कोंबून रडत राहिल्या, आणि लेकीचा हात सोडून त्यांनी पिशवी उचलली.

बबनराव तिकिटं घेऊन आले. सासऱ्याच्या हातात ठेवली, वर संत्र्यांची करंडी दिली. आणि पुंडलिकरावांनी, त्या भल्या माणसानं, जावयाचा हात धरून काय सांगावं?

"जावईबापू, पोरगी येडी हाय. तुमच्यापाशी राह्यत नाही म्हणते. डोळ्याचंही सांगतलं तिनं. तुम्ही शायने हा, सांभाळून घ्या."

"सांगतलं का?" बबनराव हसले. त्यांनी कोकिळेचा पदर हलकेच पुढे ओढला. "वारं लागते डोळ्याले. मामाजी, काळजी नका करू."

गाडी हलली. ते दोघं खिडकीतून दिसेनासे होईपर्यंत बबनराव हात हलवत होते. मग त्यांनी तो हात खाली घेतला.

"चाल," ते कोकिळेला म्हणाले. "घरी जाऊन बोलू."